जखम भरली, दुखणं राहिलं



माझ्याकडे एक आजी येतात. त्यांना नागीण झाली होती. बरगडीवरचे फोड वाळले, खपल्या पडल्या, त्यालाही आता चार महिने झाले. कातडीवर फिकट डाग तेवढे उरलेत. पण लुगड्याचा पदर त्या बाजूला टेकला की आजी कळवळतात. पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. घरची माणसं म्हणतात, "आई, आता कुठं काय आहे तिथं? तू उगाच मनाला लावून घेतेस." या एका वाक्याशी भांडायला मी आज इथं आले आहे. आजींचं दुखणं खरं आहे.

मग ते आहे कुठे? कातडीवर शोधाल तर सापडणार नाही. ते आत, मज्जारज्जूत जाऊन बसलं आहे. तिथं चेतापेशींच्या शेजारी मायक्रोग्लिया नावाच्या चिमुकल्या पेशी राहतात. स्पेनच्या पीओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना वेगळं नाव दिलं. मेलेल्या पेशी उचलणं, जंतूंना तोंड देणं, ही त्यांची कामं. नस दुखावली की तिच्याकडून या पेशींना सांगावा जातो. त्या फुगतात, त्यांची संख्या वाढते. इथवर ठीक, घोळ पुढे होतो.

त्यासाठी जुन्या घरातली मोरी डोळ्यांसमोर आणा. मोरीत पाणी ओतलं की ते मागच्या शोषखड्ड्यात जातं. खड्ड्यात जागा असली तरच हं! दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, तेव्हा त्याला दाबणाऱ्या पेशीही तिथंच असतात. त्यांनी इशारा दिला की निरोप नेणाऱ्या पेशीची दारं उघडतात, क्लोराइड आत वाहतं आणि निरोप विझतो. ही पेशी म्हणजे आपला शोषखड्डा. तो भरू नये म्हणून क्लोराइड सतत बाहेर उपसणारा एक पंप त्या पेशीला असतो.

जपानचे त्सुदा आणि इनोउए यांनी कॅनडातल्या मायकेल सॉल्टर यांच्यासह २००३ मध्ये उंदरांवर दाखवलं, की नस दुखावल्यावर मायक्रोग्लियांवर पी-टू-एक्स-फोर नावाचे, निरोप टिपणारे ग्राही वाढतात. ते अडवले की हलक्या स्पर्शानं होणारी वेदना उतरते. २००५ मध्ये पुढची कडी सापडली. याच पेशींतून बीडीएनएफ हे प्रथिन पाझरतं, पंपाचं उपसणं मंदावतं आणि क्लोराइडचं सगळं गणित उलटतं. खड्डा तुंबला! आता मोरीत तांब्याभर पाणी ओता, ते परत घरातच येणार. दुखणं दाबायला दिलेला इशाराच काही पेशींना चेतवू लागतो. मग पदर निखाऱ्यासारखा लागला तर नवल काय?

आणि बघा, खड्डा तुंबलेला वरून दिसत नाही. मोरीची फरशी लख्ख असते. फरशी लख्ख आहे म्हणून कुणी घरातल्या बाईला "पाणी तुंबलंच नाही, तुला भास होतोय" असं सांगतं का? मग कातडी भरून आली म्हणून आजींना तसं का सांगायचं? मी पुन्हा तेच बोलते आहे, ठाऊक आहे. पण हे वाक्य मी आठवड्यातून कितीदा तरी ऐकते, आणि प्रत्येक वेळी समोरचा रोगी मान खाली घालतो.

वेळ थोडा आहे, तरी एक सांगणारच. २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाला दिसलं, की नर उंदरांत मायक्रोग्लियांना थोपवलं की वेदना कमी होते, मादीत होत नाही. मादीत ते काम रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशी करत असाव्यात. तोवरचे वेदनेचे बहुतेक प्रयोग नरांवरच झाले होते. जुनाट दुखणी बायकांना अधिक, आणि तपासणी नरांची! मला हे फार लागतं.

औषधाचं विचाराल, तर मायक्रोग्लियांना शांत करणारं प्रोपेन्टोफायलिन उंदरांना लागू पडलं, पण नागिणीनंतरच्या दुखण्यावर माणसांना देऊन पाहिलं तेव्हा गुण आला नाही. आज आमच्या हाती गॅबापेन्टिन, प्रीगॅबलिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं आहेत. अनेकांना त्यांनी उतार पडतो, सगळ्यांना नाही. मात्र नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत, त्या मनानं घेत राहू नका. २०२२ मध्ये त्सुदा यांच्याच गटानं दुखणं ओसरायला मदत करणारे मायक्रोग्लियाही दाखवले. म्हणजे या पेशी सरसकट वैरी नव्हेत, त्यांच्यातल्याच काही... पण ते आता राहू दे, वेळ संपत आल्याची खूण झाली आहे.

जाता जाता नागिणीविषयी एवढंच: तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, हे मनातून काढा. ती बहुधा एका बाजूच्या नसेचा पट्टा धरून उठते. गेरूचा लेप लावून तीन दिवस घालवू नका. फोड दिसल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर फोड लवकर वाळतात, आग कमी होते. आणि फोड गेल्यावरही दुखत राहिलं तर डॉक्टरांना भाजतं, टोचतं, करंट बसतो, जे होतं ते तसंच सांगा. सोबत आलेल्या लेकासुनांनो, आई सांगत असेल तेव्हा कृपा करून तिचं बोलणं तोडू नका.