अम्लवर्षा आणि भीमाकाठ



शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग बरेचसे रिते झालेले असतात. अशा भूमीत पावसाची पहिली सर म्हणजे देवाचा प्रसाद. त्या प्रसादातच आम्ल कालवलेले आहे, असे कोणी सांगितले तर शेतकऱ्याच्या मनात धस्स होणारच. म्हणून आधी वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे.

शुद्ध पावसाचे पाणीही किंचित आम्लधर्मी असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू ५.६ च्या आसपास येतो. त्याहून तो खाली गेला, की ती अम्लवर्षा. सामू एका अंकाने उतरला तर आम्लता दहापट वाढते. कोळसा व खनिज तेल जळताना त्यातील गंधकाचा सल्फर डायऑक्साइड बनतो. इंजिनांच्या व भट्ट्यांच्या प्रखर उष्णतेत नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन त्यांचेच सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल होते. मँचेस्टरच्या पावसातील हे आम्ल रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८५२ मध्येच दाखवून दिले होते. पुढे शतकभराने स्वीडन-नॉर्वेतील तळी मत्स्यहीन होऊ लागली, तेव्हा ब्रिटन आणि मध्य युरोपातील धूर तेथवर पोहोचत असल्याचे उघड झाले. धुराडी उंच केल्याने गावावरचा धूर टळला, पण तो शेजाऱ्याच्या अंगणात उतरला. सृष्टीला केवळ उपभोग्य वस्तू मानणाऱ्या विचाराची ही परिणती होय.

भारतातील चित्र वेगळे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पावसाच्या पाण्याची अनेक वर्षे परीक्षणे केली. पुण्याचा पाऊस त्यांना बहुतांशी अल्कधर्मी आढळला. चेंबूरसारख्या कारखानदारीच्या परिसरातला मात्र आम्लधर्मी. याचे कारण धुळीत आहे. दख्खनच्या मातीत चुन्याचा अंश भरपूर. ती धूळ वाऱ्याने वर जाते आणि आकाशातच आम्लाचा प्रभाव मारते. जी धूळ गृहिणी दिवसातून दोनदा झाडते, तीच पावसाची राखण करते! शिरूर-दौंडच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीतही आम्ल पचवण्याची शक्ती आहे. येथील खरी चिंता क्षारपड व चोपण जमिनीची. कोकणच्या जांभ्या मातीला मात्र हे संरक्षण नाही, कारण ती मुळातच आम्लधर्मी.

म्हणून निश्चिंत व्हावे काय? मुळीच नाही. आम्लाचा क्षार झाला म्हणजे त्याचे अस्तित्व संपले असे नव्हे. सल्फेटचे सूक्ष्म कण हवेत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसात उतरतात. शिवाय आम्लकारक वायू पावसाची वाट पाहत बसत नाहीत. ते कोरडेच पिकांच्या पानांवर उतरतात आणि धुराड्याजवळच्या शेताला त्यांचा ताप आधी होतो.

येथे दौंडच्या गुऱ्हाळांचा विषय काढावाच लागतो. काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडे जाळावीत, ही परंपरेची रीत. पण तालुक्यातील काही गुऱ्हाळांत प्लास्टिकचा कचरा, जुने टायर आणि चपला जाळल्या जात असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. टायरच्या रबरात गंधक असते; पीव्हीसी प्लास्टिक जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो ओलाव्यात हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. म्हणजे अम्लवर्षेचा कच्चा माल घराच्या परसातच. ज्या गुळाचा खडा नैवेद्याच्या वाटीत ठेवायचा, तो अशा धुरावर शिजावा? जळणात वाचलेले चार पैसे शेजारच्या लेकरांच्या खोकल्यातून वसूल होतात.

कुरकुंभ आणि रांजणगाव या औद्योगिक वसाहतींनी हजारो हातांना काम दिले, हे कृतज्ञतेने मान्य करावे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभच्या एका रासायनिक कारखान्याला आग लागली, तेव्हा आसपासच्या वस्त्यांना रात्री घरे सोडावी लागली, हेही विसरता येत नाही. पुण्याचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. वढू-तुळापूरच्या स्मृती जपणारी ही नदी पुढे उजनीकडे काय घेऊन जाते, ते नाक असलेल्या कोणालाही कळते.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा इंधन आले आणि डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर उतरले. उलट, जुलै २०२५ मध्ये बहुतांश औष्णिक वीजकेंद्रांना गंधक रोखणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते हे खरे. पण जळणाऱ्या कोळशाची रासही प्रचंड आहे, हे विसरून चालणार नाही.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना एक सोपे काम करता येईल. रुंद तोंडाची काचेची बरणी स्वच्छ धुऊन, झाड आणि पागोळ्यांपासून दूर, पाऊस सुरू होताच उघड्यावर ठेवावी. सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या रसायनांच्या दुकानात मिळतात. पहिल्या सरीचे आणि तासाभरानंतरचे पाणी निरनिराळे मोजावे. एक बरणी गुऱ्हाळाच्या किंवा कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला आणि दुसरी त्यापासून दोन कोस दूर ठेवावी. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा वहीत लिहावी. शाळेतली मुलेही हे करू शकतील. एका पट्टीवरून निष्कर्ष काढू नये. पूर्ण पावसाळा नोंदी ठेवाव्यात आणि मग ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहावे.