आधी भाकर, मग संतोष
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्ध्यातच सुटली. जे काही वाचले ते याच विहाराच्या कपाटातले.

एकदा पगारवाढीसाठी आम्ही फाटकावर बसलो होतो. एक साहेब म्हणाले, "तुमचा बुद्ध तर संतोष शिकवते ना? मग काऊन मांगता?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते पुढे 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सापडले. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे मान तुकवणे नव्हे, तर अमर्याद लोभाच्या ताब्यात न जाणे, असे बाबासाहेबांनी तिथे समजावले आहे.

धम्मपदाच्या सुखवग्गात २०३ वी गाथा भुकेची आणि लगेच २०४ वी संतोषाची आहे. अट्ठकथेत दोन्हींच्या गोष्टी आहेत. आळवीचा एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी देशना ऐकायला आला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग धम्म सांगितला. दुसरी गोष्ट कोसलच्या प्रसेनजित राजाची. हा इतका जेवायचा की तथागतांसमोर बसून डुलक्या घ्यायचा! हळूहळू त्याने जेवण कमी केले, अंग हलके झाले, तेव्हा संतोषाची गाथा आली. म्हणजे ती राजाला सांगितली, बैल हरवलेल्याला नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्यांनी कर्जापायी जीव दिले. त्यांच्या दारी संतोष सांगायला कोणी जाऊ नये.

पण बंधूंनो, आपलेही ताट पाहू. थोरल्या लेकीच्या लग्नात आम्ही व्याजाने पैसे काढून मोठा मंडप घातला, बँड लावला. तिची माय म्हणत होती, "पोरीले पुरते तेवढं करा, गावाले दाखवासाठी नोका करू." आम्ही ऐकले नाही. मग तीन वर्षे डबल पाळी केली. वर्षावासात इथे ग्रंथवाचन चालायचे. कधी आलोच, तर त्या राजासारख्या डुलक्या! आणि आम्ही काही जास्त जेवून आलो नव्हतो.

धाकटीचे लग्न याच विहारात लागले. वरण, भात, भाजी, बुंदी. रात्री तिच्या मायने हिशेबाची वही मिटली आन् म्हणाली, "कोणाचं देणं नाही. झोपा आता."

जयभीम! नमो बुद्धाय!