माळ, रान आणि विहीर
(भिवंडी येथील बैठकीतील भाषण)



झाडं लावली की विहिरीला पाणी वाढतं, असं सांगतात. हिशेब तसा नाही. गवत दिवाळीनंतर वाळतं. झाडाचं मूळ खोल, ते खालचं पाणी ओढतच राहतं. साग उन्हाळ्यात पानं टाकतो, तेवढंच कमी.

इथं भिवंडीत पाऊस 2500 मिलिमीटरच्या घरात. पलीकडं तानशाच्या खोऱ्यात सागाचं रान पिऊनही उरतं, ते 1892 पासून मुंबई पिते! तुमच्या कपाशी-ज्वारीच्या मुलखात जेमतेम 700. तिथं माळावर दाट रान केलंत तर विहिरीचा वाटा आधी झाड घेईल.

चरून बोडका झालेला माळ मात्र दोन्हींहून वाईट. पाणी मुरत नाही, माती घेऊन जातं. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, चर खणले; गवत वाढलं, विहिरी भरल्या.

सरपणाला झाड हवंच, घरामागं लावा. कुरणावर रोपांची गाडी आली, तर ग्रामसभेत आधी हा हिशेब मागा.