गेटवेचा आकडा



२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आपली लॅब बुडाली. आपण जमवलेले बारा जुने कॉम्प्युटर आले, पण सीडी ड्राइव्ह एकाचाही चालेना. म्हणून नेटवर्कवरूनच लिनक्स चढवायला बसलो. सर्व्हर ऑफिसात, तिथलं नेटवर्क वेगळं. डीएचसीपीकडून मशिनांना पत्ता मिळे, पण सर्व्हर काही सापडेना.

रात्री दहाला चूक दिसली, माझीच. लॅबचे पत्ते १९२.१६८.१० चे आणि गेटवे मी लिहिला १९२.१६८.२०.१! शिवाजी पेठेतल्याला घराबाहेर पडायला राजारामपुरीतलं दार दाखवल्यासारखं ते. गेटवे आपल्याच नेटवर्कातला लागतो, हे मी इतरांना शिकवतो बरं का!

आकडा बदलला. बाराही पडद्यांवर अक्षरं धावू लागली. किल्ल्या घेऊन ताटकळलेले शिपाईमामा म्हणाले, “झालं न्हवं? सकाळी दहावीची पोरं येणार हाईत.”