गळत नव्हतं, तरी गळत होतं: ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा आवाज

आजचा भाग जरा कर्कश आहे. हेडफोन लावले असतील तर आवाज कमी करून घ्या. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, जिथे मी रेकॉर्डिंग वाजवलंय तिथे कंसात तसं लिहिलंय.

मी सॉफ्टवेअरवाला. बी.टेक. कॉम्प्युटर, नोकरी हैदराबादला, घर सिरोंच्याला. सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं पार दक्षिणेचं टोक. आमच्या इथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि नदीपलीकडे तेलंगणा सुरू होतं. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे ट्रॅक्टरचा मोठा पार्ट लागला की आमची माणसं गडचिरोलीला जात नाहीत, पूल ओलांडून चेन्नूर नाहीतर मंचेरियालला जातात. यात एक दिवस जातो. रोवणीच्या दिवसांत एक दिवस म्हणजे काय, हे धानवाल्याला सांगायला नको.

तर मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. काकांचा फोन आला. "अरे, ट्रॅक्टर रडून राहिला." काकांकडे एकच ट्रॅक्टर, घरची शेती करून तो तासावर भाड्यानेही चालतो. चिखलणी करायची, मग मागे लेव्हलर लावून बांधी सपाट करायची. प्रत्येक बांधाला वळताना मागचं अवजार उचलावं लागतं, आणि ते उचलतं हायड्रॉलिक. लिव्हर वर केला की कुईंऽऽ असा आवाज आणि अवजार वर जाताना थरथरायचं. (इथे पहिलं रेकॉर्डिंग आहे. घासलेल्या बेअरिंगसारखा लांब आवाज, मध्येच खडखड.)

गावातल्या मिस्त्रींनी ऐकलं आणि सांगितलं, पंप गेला, नवीन टाका. पंप, ऑइल, मजुरी धरून पंधरा हजाराच्या पुढे. मिस्त्री लबाड नाहीत बरं का. असा आवाज करणारे दहा ट्रॅक्टर आले तर बऱ्याच जणांचा पंप खरंच गेलेला असतो. आणि काकांनाही ते पटलं, कारण २०२२ च्या जुलैत पूर आला तेव्हा हा ट्रॅक्टर पाण्यात उभा होता. तेव्हापासून त्याला काहीही झालं की आमच्या घरात पुराचं नाव निघतं. सेल्फ लागला नाही, पूर. हेडलाइट गेला, पूर.

मी म्हटलं, काका, आधी आवाज ऐकू द्या. त्यांनी फोन पंपाजवळ धरला. मला काहीच ऐकू येईना! काकांचं "ऐकू येते का" स्पष्ट, पण ती कुईं गायब. मग डोक्यात प्रकाश पडला. फोनमधलं सॉफ्टवेअर एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं समजतं आणि कापून टाकतं. पंखा, गाडी, पाऊस सगळं. आमचा बिघाडच तो एकसारखा आवाज होता, तो आमच्याच धंद्यातल्या कोणीतरी प्रामाणिकपणे साफ केला होता. मग काकांना कॅमेऱ्याने व्हिडिओ काढायला लावला आणि तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितला. हे करायला त्यांना अर्धा तास लागला आणि मला थोड्या शिव्या बसल्या.

दोन दिवसांची रजा टाकून गेलो. जाऊन पहिलं काम केलं ते विचारायचं. आवाज नेहमी येतो की फक्त उचलताना? रेस वाढवली की आवाजाचा सूर चढतो का? सकाळी थंड असताना जास्त की दुपारी तापल्यावर? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नेमका कधीपासून?

यातल्या प्रत्येक प्रश्नाने एकेक दार बंद होतं. रेस वाढवल्यावर सूर चढला तर आवाज फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे बहुधा पंपाकडचा. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला २५ फेऱ्या झाल्या. पंप त्याच वेगाने फिरत असेल आणि त्याच्या गिअरला १० दात असतील, तर सेकंदाला २५० ठोके. मी मोबाइलवर ॲप लावून बघितलं, रेसबरोबर तो उंचवटा बरोबर सरकत होता. खरं सांगू, ॲपने मला काकांपेक्षा जास्त काही कळलं नाही. त्यांना कानानेच कळलं होतं. जास्त उपयोग झाला तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचा. टोक पंपाच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडावर. मिस्त्री लोक पूर्वीपासून करतात तेच.

लिव्हर अगदी वर नेऊन धरला तरच किंचाळत असेल, आणि थोडा खाली घेताच थांबत असेल, तर तो रिलीफ व्हॉल्व्ह. ट्रॅक्टरमध्ये साधारण १५० ते २०० बारच्या आसपास दाब गेला की तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत सोडतो. तो त्याचं काम करतोय, तुम्ही लिव्हर ताणू नका एवढंच. फक्त थंडीच्या सकाळी आवाज येत असेल आणि तापल्यावर जात असेल, तर ऑइल जाड आहे किंवा जाळी तुंबलीय, पंपाला पुरेसं ओढता येत नाही. आमचा आवाज गरम-थंड दोन्हीत आणि अर्ध्या उचलीतही येत होता.

डिपस्टिक काढली. ऑइलवर फेस, ताकासारखा. काका म्हणाले, "बघ, पाणी. पुराचं." पण पूर येऊन गेल्यावर ऑइल बदललं होतं. मग मी थोडं ऑइल काचेच्या ग्लासात काढून ओट्यावर ठेवलं. पाणी मिसळलं असेल तर ऑइल बराच काळ दुधट राहतं. हवा असेल तर फेस वर येऊन फुटतो आणि ऑइल निवळतं. जेवून येईपर्यंत आमचं निवळलं होतं. म्हणजे हवा.

आता हवा कुठून? ऑइल तर कुठेच गळत नव्हतं. मिस्त्रींनीही हेच बघितलं होतं, सगळे जोड कोरडे, म्हणून पंप. गंमत इथेच आहे. पंपाच्या पुढच्या बाजूला दाब असतो, तिथे फट पडली तर ऑइल बाहेर येतं, दिसतं. पण पंपाच्या मागच्या बाजूला, जिथून तो ऑइल ओढतो, तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. स्ट्रॉला चीर पडली तर रस बाहेर येत नाही, तोंडात हवा येते, तसं. तिथे गळती आतल्या बाजूला होते आणि जोड कोरडा ठणठणीत दिसतो. ती हवा बुडबुडे होऊन पंपात जाते, तिथे एकदम शंभर-दीडशे बारखाली चिरडली जाते, आणि प्रत्येक बुडबुडा धातूवर छोटासा हातोडा मारतो. तो खडखडाट म्हणजे हे.

मग साधा उपाय. इंजिन मंद चालू ठेवून ओढणाऱ्या बाजूच्या एकेका जोडावर ग्रीसचा जाड लेप द्यायचा आणि ऐकायचं. जिथे लेप बसला की सूर बदलेल, तिथे फट.

इथे मी एक मूर्खपणा केला तो सांगून टाकतो. लेव्हलर वर उचललेला होता आणि मी ग्रीस घेऊन त्याच्या खाली वाकलो. काकांनी कॉलर धरून ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला आई-बहिणीवरून शिवी दिली. ज्या यंत्रणेत बिघाड आहे असं आपण म्हणतोय, तिच्याच भरवशावर दोन-तीनशे किलोचं लोखंड डोक्यावर टांगून मी खाली शिरत होतो. अवजार जमिनीवर टेकवा, पीटीओ बंद करा, गमछा काढून ठेवा, मगच हात घाला. आणि दाबाच्या बाजूची गळती हात फिरवून शोधू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडी फोडून आत जातं. वरून नुसता ठिपका दिसतो, आत बोट सडतं. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

पंपाच्या फ्लँजवर ग्रीस लावलं, काही नाही. पाइपच्या दुसऱ्या टोकाला, काही नाही. फिल्टरच्या झाकणाच्या कडेला लावलं आणि... (दुसरं रेकॉर्डिंग. आवाज चालू, मग तीन-चार सेकंदांत खडखड बसत जाते.)

झाकण उघडलं. आतली रबरी रिंग एका बाजूला चिमटून चपटी झालेली. काका माझ्याकडे बघत होते. काकूने घरातून खर्चाची वही आणली. ती डिझेल, मजुरी, ऑइल सगळं तारखेसकट लिहिते. मे महिन्यात "फिल्टर, ऑइल" अशी नोंद होती आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे आवाज त्यानंतरच सुरू झाला. मे महिन्यात फिल्टर कोणी बदलला होता? मी. सुट्टीत आलो होतो, व्हिडिओ बघून बदलला, जुनीच रिंग कोरडी तशीच बसवली, वरून झाकण आवळलं. बिचाऱ्या पुराचा काही संबंध नव्हता.

नवी रिंग वीस रुपयांना सिरोंच्यातच मिळाली. ऑइल लावून खाचेत नीट बसवली, झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळले, ऑइलची पातळी भरली. मग अवजार न लावता हात दहा वेळा वर-खाली केले, म्हणजे आतली हवा निघून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बांधीत.

माझ्या ऑफिसच्या अमेरिकेतल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं. त्याच्याकडे मोटारहोम आहे, म्हणजे घर असलेली बस. ती उतारावर उभी केली तरी सपाट राहावी म्हणून खाली चार हायड्रॉलिक पाय असतात. त्याची तक्रार, रात्री झोपल्यावर पाय कटकट वाजतात. मी त्याला हिशेब सांगितला. ऑइल दर दहा अंशांना साधारण ०.७ टक्के आकसतं. पायात एक लिटर असेल तर दहा अंश थंडीत सात मिलिलिटर कमी. पाय तेवढा खाली यायला बघतो, कोरडं सील त्याला धरून ठेवतं, मग एकदम सोडतं. कट्! त्याच्याकडे बिघाड नव्हता. सीलवर कंपनी सांगते तो सिलिकॉन फवारा मार म्हटलं. तो खूश.

आमच्याकडे तेवढं सुखाचं नाही. मे अखेरपासून महिनाभर पंप बुडबुडे खात चालला. आता खडखड नाही, थरथर नाही, पण भरलेला लेव्हलर उचलताना बारीक सूर अजून आहे. (तिसरं रेकॉर्डिंग.) आतून थोडा खरवडला असणार. मिस्त्रींचा पंप शेवटी लागेलच, फक्त रोवणीत नाही लागला. धान निघालं की उघडू असं काका म्हणतात, आणि फिल्टर मी बदलायचा नाही असंही म्हणतात.

तुमच्याकडेही असा आवाज येत असेल तर पाठवा. कॅमेऱ्याने रेकॉर्ड करून, डॉक्युमेंट म्हणून. आणि सोबत लिहा, शेवटचं झाकण कोणी आणि कधी उघडलं होतं.