औषधाने गळा आवळला तर

मंडळी, मनाच्या आजारावर हॅलोपेरिडॉल नावाचे औषध देतात. ते गुणकारी आहे. पण पहिल्या चार-पाच दिवसांत एखाद्याची मान वाकडी होते, जीभ ओढली जाते. क्वचित कंठातले स्नायू आवळतात. आवाज बसतो, श्वास कोंडतो. लोक म्हणतात, "भुताने गळा धरला!"

आम्ही सांगतो, हे भूत नव्हे हो! हा औषधाचा परिणाम. देवऋष्याकडे वेळ दवडू नका. तोंडात पाणी घालू नका. १०८ ला फोन करा, मोठ्या दवाखान्यात न्या. औषधाची चिठ्ठी बरोबर घ्या. योग्य इंजेक्शनाने बहुधा थोड्याच मिनिटांत गळा सुटतो.

मग औषध टाकून द्यायचे का? नाही. डॉक्टरांना विचारा. ते मात्रा कमी करतील, नाहीतर औषध बदलतील. आपल्या मनाने बंद केले, तर दुखणे उलटेल.