जुन्या रेडिओग्रामची डागडुजी

आजोबांच्या वेळचा रेडिओग्राम अडगळींतून बाहेर आला कीं घरांतील प्रत्येकाचा हात बटणाकडे धांवतो. घात होतो तो तेथेंच. आंतील कागदी व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयोमानानें निकामी झालेले असतात. पूर्ण दाबाची वीज एकदम सोडल्यास ट्रान्स्फॉर्मर जळण्याचें भय. जाणता कारागीर आधीं कंडेन्सर बदलतो, मग दाब हळूहळू चढवितो.

दुसरा वैरी स्पिरिट. पेटीचें फ्रेंच पॉलिश लाखेचें, आणि मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळच्या तबकडींतहि लाखच; स्पिरिटांत ती विरघळते. उत्साहाच्या भरांत पुसलेली तबकडी स्वच्छ न होतां मुकी होते! पोलादी सुई तर प्रत्येक बाजूस नवी हवी. घरच्यांस ही उधळपट्टी वाटते. परंतु झिजलेली सुई खांच खरवडते, आणि त्या खांचेंत एखाद्या गायिकेचा उरलेला एकमेव आवाज असूं शकतो.